पणजोबांच्या नावापुढे कलम ३७९

वाचकाचं पत्र, थोडक्यात

पत्र पन्नाशीच्या एका वाचक भगिनीचं आहे. भाच्याच्या जातपडताळणीसाठी जुने पुरावे गोळा करताना त्यांनी तालुक्याच्या रेकॉर्ड रूममधून मिळतील तेवढ्या नकला काढल्या. त्यांत एका जुन्या फौजदारी रजिस्टरमध्ये त्यांना पणजोबांचं नाव दिसलं, आणि तेही तीनदा. फेब्रुवारी १९०० : दुसऱ्याच्या खळ्यावरची ज्वारी, किंमत १२ आणे, एक महिना सक्तमजुरी. ऑगस्ट १९०० : कडबा, शिक्षा १५ फटके. आणि १९०४ : तांब्याचा हंडा, तीन महिने सक्तमजुरी. तिन्ही ठिकाणी कलम ३७९, चोरी.

घरात पणजोबांची ओळख माळकरी म्हणून. पंढरीची वारी त्यांनी कधी चुकवली नाही असं सगळे सांगतात. भाऊ म्हणतो, "फाडून टाक ती नक्कल. पोराची नोकरी आहे, लग्न व्हायचंय." ८४ वर्षांच्या आत्या म्हणाल्या, "मेलेल्या माणसाला परत कोर्टात उभं करू नकोस." पण त्याआधी, पत्र लिहिणाऱ्या ताई नुसत्या "एक जुनी केस सापडली" एवढंच बोलल्या होत्या तेव्हा, आत्यांनी पटकन विचारलं होतं, "हंड्याचंही आलंय का त्यात?"

या विचारतात : पुढे शोधू की इथेच थांबू? आणि मुलांना काय सांगू, की ज्यांच्या तसबिरीला आपण हात जोडतो ते चोर होते?

उत्तर

ताई,

'ते चोर होते' हे तुमचं वाक्य तुमच्या हातातल्या कागदापेक्षा फार मोठं आहे. कागद एवढंच सांगतो, की या नावाच्या माणसाला चोरीबद्दल तीनदा शिक्षा झाली. तो माणूस तुमचे पणजोबाच का, त्यानं नेमकं काय केलं, कशापायी केलं, यातलं काहीच अजून ठरलेलं नाही. मी तुम्हाला पुढे शोधा असंच सांगणार आहे. आत्ता आहे तेवढ्यावर थांबलात तर तीन ओळींवरून एका माणसाचा निकाल लागेल, आणि तो निकाल घरात कायम राहील.

आधी माणूस तोच आहे का ते बघा. त्या काळच्या कागदात आडनाव असेलच असं नाही. 'रामजी बिन सखाराम', म्हणजे सखारामचा मुलगा रामजी, असं लिहायचे, पुढे गाव, जात, कधी वय आणि धंदा. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत, त्यामुळे एका घरात रामजी बिन सखाराम, मग सखाराम बिन रामजी, मग पुन्हा रामजी बिन सखाराम अशी साखळी चालते. चुलतभावांचीही नावं एकच असायची, पण तिथे बापाचं नाव वेगळं निघतं. एका पिढीआडच्या दोघांत मात्र नाव आणि बापाचं नाव दोन्ही जुळतात, तिथे वयाशिवाय उलगडा होत नाही. तुमच्या तिन्ही नोंदींत वय दिलंय का? १९०० मध्ये २८ आणि १९०४ मध्ये ४५ असेल तर माणसं दोन आहेत. गावाची जन्म-मृत्यू नोंद, म्हणजे गाव नमुना नंबर १४, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, त्यात पणजोबांच्या मृत्यूची नोंद असेल तर तिथलं वय वजा करून पडताळा. जातपडताळणीसाठी तो कागद तुम्ही बहुधा काढलाही असेल.

आणखी एका गोष्टीवरून मला शंका येते. भारतीय दंड संहितेत कलम ७५ होतं. तीन वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या मालमत्तेच्या गुन्ह्यात आधी शिक्षा झालेला माणूस पुन्हा तशाच गुन्ह्यात सापडला, तर त्याला दहा वर्षांपर्यंत कैद किंवा जन्मभराचं काळं पाणीसुद्धा होऊ शकत असे. चोरीचं कलम ३७९ तीन वर्षांचं, म्हणजे ते यात बसतं. मग तिसऱ्या वेळी तीनच महिने कसे? मॅजिस्ट्रेटला आधीच्या शिक्षा माहीत नसतील. बोटांच्या ठशांची कचेरी कलकत्त्यात १८९७ मध्ये उघडली, ती पद्धत अजून रुळायची होती, आणि माणसाची ओळख पटवणं बरंचसं पोलीस पाटलाच्या नि शिपायाच्या आठवणीवर चालायचं. किंवा माहीत असूनही त्यानं हात राखून शिक्षा दिली असेल. किंवा हंडा घेणारा माणूस निराळा असेल. रजिस्टरच्या शेऱ्याच्या रकान्यात 'पूर्वी शिक्षा' असं काही आहे का, ते मूळ पानावर जाऊन बघा. नक्कल करणारा कारकून शेरे पुष्कळदा गाळतो.

आता रजिस्टर म्हणजे काय ते. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे ५० रुपयांपर्यंतच्या मालाची चोरी, तसा अधिकार दिलेला मॅजिस्ट्रेट संक्षिप्त पद्धतीनं चालवू शकत असे. त्यात शिक्षा तीन महिन्यांच्या वर नाही. आणि ज्या शिक्षेवर अपील चालत नसे तिथे साक्षीपुरावा लिहून घ्यायचीही गरज नव्हती, रजिस्टरात ठरावीक रकाने भरले की काम झालं : अनुक्रमांक, गुन्ह्याची तारीख, फिर्यादीचं नाव, आरोपीचं नाव, बापाचं नाव, राहणार कुठला, मालाची किंमत, आरोपीचं म्हणणं, निकाल, शिक्षा. आरोपीच्या म्हणण्याच्या रकान्यात बहुतेक एखादाच शब्द सापडेल, 'कबूल' किंवा 'नाकबूल'. त्या 'कबूल'वर फार भार टाकू नका. वकील नाही, लिहिता-वाचता येत नाही, पेरणी तोंडावर आहे आणि कबूल केलं तर लवकर सुटशील असं कुणीतरी कानात सांगतंय, अशा माणसाचाही तो शब्द असू शकतो. खरंच घेतलं म्हणून कबूल केलेल्या माणसाचाही असू शकतो. शब्द तोच.

पहिल्या दोन नोंदींच्या तारखा बघा. मुंबई इलाख्यात १८९६-९७ चा दुष्काळ, त्याच्या जोडीला प्लेग, आणि लोक त्यातून उठतात न उठतात तोच १८९९ चा पाऊस गेला. १८९९-१९०० च्या दुष्काळात माणसांइतकेच हाल जनावरांचे झाले, चाऱ्यावाचून गुरं मेली. फेब्रुवारीत ज्वारी आणि ऑगस्टमध्ये कडबा, हे त्या वर्षाचं चित्र आहे : आधी घरातलं धान्य संपलं, मग दावणीच्या बैलासाठी काही उरलं नाही. तुम्ही चौकशी करा, त्या तालुक्यात दुष्काळी कामं कुठे चालली होती. खडी फोडायला, तलाव खणायला हजारो लोक जात होते. पणजोबा-पणजी तिथे होते का, हे एखाद्या म्हातारीच्या बोलण्यातून अजूनही कळू शकतं. आणि महिनाभर पणजोबा आत असताना घर कुणी चालवलं, हेही विचारा. पणजीचं नाव कोर्टाच्या कुठल्याही रकान्यात नाही, पण ती शिक्षा तिनंही भोगली आहे.

तरी सगळं दुष्काळावर ढकलून मोकळं होऊ नका. ज्याची ज्वारी गेली तोही बहुधा शेतकरीच होता आणि त्याच्याही घरी तेच वर्ष होतं. १२ आण्यांची ज्वारी त्याच्या दृष्टीनं किरकोळ नसेल. पतवंडांनी पणजोबांना देव करू नये हे जितकं खरं, तितकंच त्यांना नुसते परिस्थितीचे बळी करून टाकू नये हेही खरं. भुकेपोटी चोरी केलेला माणूस म्हणून त्यांना बघता येतं, आणि तरीही ज्याचं नेलं त्याचं नुकसान झालं असंही म्हणता येतं.

आता हंडा. माझं लक्ष सगळ्यात जास्त तिथेच अडकलंय, कारण १९०४ साली तो दुष्काळ सरला होता.

दंड संहितेतल्या चोरीच्या व्याख्येखाली काही उदाहरणं दिलेली होती. त्यातलं एक असं : एखाद्यानं आपलं घड्याळ गहाण ठेवलं आणि कर्ज न फेडता, सावकाराला न विचारता ते उचलून आणलं, तर वस्तू त्याच्या मालकीची असूनही ती चोरीच. आपल्या खेड्यात घड्याळं कुठली असणार? गहाण पडायची ती भांडी. अडीनडीला तांब्या-पितळेचा हंडा सावकाराकडे ठेवायचा, सुगीत सोडवायचा, आणि व्याज मुद्दलाच्या पुढे गेलं की तो तिथेच राहायचा. कर्जाचा जाच इतका होता की १८७५ मध्ये सुप्यापासून सुरुवात होऊन पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, आणि १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला.

पणजोबांचा हंडा असाच होता, असं मी म्हणत नाही. तो शेजारणीच्या विहिरीवरून उचललेलाही असू शकतो. पण हे ठरवायचं साधन तुमच्याच हातात आहे : फिर्यादीचं नाव. तो कोण होता? गावातला सावकार, वतनदार, भाऊबंद की घराशेजारचा? मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ साली आला. त्यापुढचे जुने फेरफार तलाठ्याकडे किंवा तहसीलच्या अभिलेखात मिळाले तर त्यात गहाण, खरेदी, वाटणी लिहिलेली असते. फिर्यादीचं नाव आणि तुमच्या जमिनीच्या फेरफारातलं एखादं नाव जुळलं, तर ती 'चोरी' एका लांबलेल्या भांडणातला एक दिवस असू शकते. फिर्यादी भाऊबंद निघाला तर वाटणीचाही वास येईल. आणि काहीच जुळलं नाही, तर तसंही लिहून ठेवायचं.

कागद कुठे शोधायचे, यावर जरा सविस्तर, कारण अशी पत्रं मला इतरही येतात आणि बरेच जण सरळ कोर्टात जाऊन हात हलवत परत येतात. ब्रिटिश काळात आपल्याकडे मामलेदार हाच महसूल वसूल करायचा आणि मॅजिस्ट्रेट म्हणून किरकोळ फौजदारीही चालवायचा. ही दोन कामं मुंबई राज्यानं १९५१ च्या कायद्यानं वेगळी केली. म्हणून १९०४ चा किरकोळ खटला न्यायालयात नसून तहसील किंवा जिल्हाधिकारी कचेरीच्या अभिलेख कक्षात निघण्याची शक्यता बरीच. शिक्षेवरूनही माग लागतो. तिसऱ्या वर्गाच्या मॅजिस्ट्रेटला एका महिन्यापर्यंत कैद देता येत होती, दुसऱ्या वर्गाच्याला सहा महिने, पहिल्याला दोन वर्षं. म्हणजे तुमची १९०४ ची नोंद निदान दुसऱ्या वर्गाच्या कोर्टातली आहे, आणि पहिली नोंद कदाचित निराळ्याच टेबलावरची. शेवटी जिल्हा न्यायालयाचा नक्कल विभाग आहेच, कोर्ट फी स्टँप लावून अर्ज करायचा. जितकं नेमकं लिहाल, म्हणजे साल, गाव, कलम, रजिस्टरचा अनुक्रमांक, तितकं लवकर काम होतं. 'माझ्या पणजोबांची सगळी माहिती द्या' अशा अर्जावर कारकून काहीच करू शकत नाही.

मनाची एक तयारी ठेवा. किरकोळ खटल्यांची मूळ प्रकरणं, म्हणजे फिर्याद, जबाब, पंचनामा, ठरावीक मुदतीनंतर नष्ट करायची पद्धत होती. रजिस्टरं त्यामानानं टिकली. तेव्हा जबाब मिळेलच असं धरू नका. मिळाला तर तो मोडी लिपीत असण्याची शक्यता आहे. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातही मोडी शिकवतात, तिथे विचारलंत तर वाचून देणारं माणूस सापडेल. पुराभिलेखाच्या मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या कचेऱ्यांत खटले कमी आणि सरकारी पत्रव्यवहार जास्त, पण तुमच्या तालुक्यातल्या दुष्काळाचं वर्णन तिथे मिळेल. इतर वाचकांसाठी : तुमचं गाव संस्थानात असेल तर कोर्टं संस्थानाची, मराठवाड्यातलं असेल तर निजामाच्या अमलातले कागद फारसी-उर्दूतले, आणि नागपूर-वऱ्हाडचा कारभार मुंबई इलाख्यात नव्हताच. आधी १९०० साली आपलं गाव कुणाच्या अमलात होतं ते बघा, मग बसचं तिकीट काढा.

पण या सगळ्याच्या आधी आत्यांकडे जा. रेकॉर्ड रूम पुढच्या वर्षीही असेल.

तुम्ही लिहिलंय की आत्यांना धक्का बसला. मला तसं वाटत नाही. धक्का बसलेलं माणूस "हंड्याचंही आलंय का" असं विचारत नाही. हंडा त्यांना आधीपासून ठाऊक आहे. कुणीतरी, बहुधा त्यांच्या आजीनं किंवा आईनं, तो त्यांना सांगितलाय आणि बाहेर बोलू नको असंही सांगितलंय. आत्या पणजोबांची अब्रू राखताहेत, तशी त्या बाईला दिलेली जबानही राखत असतील. म्हणून कागद पुढे करून उलटतपासणी घेऊ नका. "हे खरं का?" असा प्रश्न नको. "कोर्टानं त्यांच्या बाजूचं काही लिहून ठेवलेलं नाही, तुला काही माहीत असेल तर ते तेवढंच उरलंय," असं म्हणून बघा. त्या बोलल्या तर रेकॉर्ड करायची परवानगी मागा, नाही म्हणाल्या तर फोन पर्समध्ये ठेवा. नंतर घरी येऊन त्यांच्या शब्दांत लिहून काढा. आणि त्या गप्पच राहिल्या तर तो त्यांचा हक्क आहे. मात्र त्यांच्या गप्प राहण्यानं तुमचा शोध थांबायलाच हवा असं नाही. पणजोबा तुमचेही आहेत.

तुमच्या भावाची भीती मला हसण्यावारी न्यायची नाही. मुलाचं भलं बघणारा बाप असंच बोलेल. पण नोकरीच्या वेळची पोलीस पडताळणी उमेदवाराच्या स्वतःच्या गुन्ह्यांची होते. जातपडताळणी समिती जात आणि नातं तपासते, पणजोबा कशासाठी कोर्टात उभे होते याच्याशी तिला कर्तव्य नाही. त्याच काळातला दुसरा जातीचा पुरावा हाती असेल तर तो जोडा आणि ही नक्कल घरी ठेवा. पण जातीचा रकाना असलेला सर्वांत जुना कागद हाच असेल तर खुशाल जोडा. राज्यात कुणबी नोंदींच्या शोधात तुरुंगांची आणि पोलिसांची जुनी रजिस्टरं सरकारनं स्वतःच तपासायला घेतली, तुमच्या घरासारखी कितीतरी घरं त्या पानांवर आहेत. लग्नाचं म्हणाल, तर १२ आण्यांच्या ज्वारीवरून सव्वाशे वर्षांनी स्थळ मोडणारं घर असेल, तर ते आधीच कळलेलं बरं. एवढंच करू नका : नक्कल फाडू नका. मूळ पान सरकारी कपाटात राहणारच आहे, ते पुढे दुसऱ्या कुणाच्या तरी हाती लागेल आणि तेव्हा त्याच्यासोबत ना आत्यांची आठवण असेल ना तुमचा शोध.

काही वाचकांची गोष्ट वेगळी आहे, त्यांना इथेच सांगते. ज्यांच्या जमातीवर १८७१ च्या आणि पुढे १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं शिक्का मारला, त्यांच्या पूर्वजांचं नाव रजिस्टरात सापडणं म्हणजे गुन्हा सापडणं नव्हे. अनेकांची नोंद जन्मामुळे झाली, रोजची हजेरी जन्मामुळे लागली, सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये कुटुंबंच्या कुटुंबं कुंपणात राहिली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. अशा कागदात आधी बघा, की ही शिक्षा आहे, की हजेरी चुकल्याचा दंड, की नुसती नोंदणी. आणि चोरीची शिक्षा असेल तरी, ज्याच्यावर पहारा आहे तोच आधी पकडला जातो, हे धरून वाचा.

मुलांना काय सांगायचं? वय बघून, पण खोटं नाही. दहा वर्षांच्या मुलाला दुष्काळाची गोष्ट कळते, आणि त्यात पणजोबांनी ज्वारी उचलली नि तुरुंगात गेले हेही कळतं. वारी आणि तुरुंग यातलं एक खोटं असलंच पाहिजे असं तुम्ही धरून चालला आहात. माळ १९०० च्या आधी गळ्यात होती की १९०४ च्या नंतर आली, हे आत्यांना विचारा. दोन्ही उत्तरांत माणूस एकच आहे.

शेवटचं, लिहून ठेवण्याबद्दल. घरासाठीच्या वहीत सगळं लिहा : रजिस्टरचं नाव, पान, अनुक्रमांक, नक्कल कोणत्या तारखेला कुठून घेतली, काय नक्की आहे आणि काय तुमचा अंदाज. उद्या कुळवृत्तांत छापायचं ठरलं तर पणजोबांची हकीकत घरच्यांच्या संमतीनं छापा, पण फिर्यादीचं आणि साक्षीदारांचं नाव गाळा. त्यांची पतवंडंही त्याच गावात असतील, आणि नातलगांच्या भावना दुखावण्याच्या हेतूनं मृत माणसाची बदनामी केली तर आपल्या कायद्यात तोही गुन्हा ठरू शकतो. हंड्याचा सावकार खरंच सावकार निघाला, तरी 'गावातील एक सावकार' एवढं पुरे. पूर्ण नाव घरच्या वहीत राहू द्या.